घरच्या घरी होकायंत्र

शेताच्या खरेदीचा कागद तुम्ही पाहिला असेल. त्यात गट नंबर असतो, क्षेत्र असते, किंमत असते. आणि आणखी एक गोष्ट असते. तिला चतुःसीमा म्हणतात. चतुःसीमा म्हणजे चारी बाजूंच्या हद्दी. पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस तमक्याचे शेत, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस ओढा, असे त्यात लिहिलेले असते.

आता तुम्हाला वाचता येऊ लागले आहे. हा कागद दुसऱ्याकडून वाचून घेण्याची गरज उरली नाही. पण अक्षरे वाचली म्हणजे काम संपले, असे नाही. कागद म्हणतो, 'उत्तरेस ओढा'. मग शेतात उभे राहिल्यावर ओढा खरोखरच उत्तरेस आहे का? हे कोणी सांगावे? विकणारा सांगेल, मध्यस्थ सांगेल, कागद लिहिणारा सांगेल. तुम्ही स्वतः सांगू शकाल काय?

सांगू शकाल. त्याला लागते एक शिवणाची सुई, एक चुंबक आणि वाटीभर पाणी. एवढ्या सामानात घरच्या घरी होकायंत्र करता येते. होकायंत्र म्हणजे दिशा दाखविणारे यंत्र. ते कसे करावे, ते उत्तर दिशा का दाखविते आणि ते केव्हा फसविते, हे आम्ही या पाठात सांगणार आहोत.

सूर्य उगवतो ती पूर्व?

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, यात यंत्र कशाला? सूर्य उगवतो ती पूर्व. हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे!"

खरे आहे. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहावे. समोर पूर्व, पाठीमागे पश्चिम, डाव्या हाताला उत्तर, उजव्या हाताला दक्षिण. पण हे झाले ढोबळमानाने. अगदी बरोबर पूर्वेला सूर्य वर्षातून दोनच वेळा उगवतो. एकदा २१ मार्चच्या सुमारास आणि एकदा २३ सप्टेंबरच्या सुमारास. बाकी सारे वर्ष तो पूर्वेच्या डावीकडे किंवा उजवीकडे उगवतो.

हे तुम्हीही पाहिलेले आहे. समोरच्या डोंगरावरची एखादी खूण धरा. झाड म्हणा, देऊळ म्हणा. थंडीत सूर्य त्या खुणेच्या उजवीकडून वर येतो. मग तो रोज थोडा थोडा डावीकडे सरकतो. जूनमध्ये तो पार डावीकडे गेलेला असतो. यालाच आपण उत्तरायण आणि दक्षिणायन म्हणतो.

हा फरक किती? दिशा मोजण्यासाठी गोल फेऱ्याचे ३६० सारखे भाग करतात. एका भागाला अंश म्हणतात. उत्तरेपासून पूर्वेपर्यंत ९० अंश होतात. हात लांब करून मूठ धरा. ती मूठ डोळ्याला सुमारे १० अंशांची दिसते. आपल्या महाराष्ट्रात जूनच्या अखेरीस सूर्य पूर्वेच्या डावीकडे सुमारे २५ अंश, म्हणजे अडीच मुठी सरकून उगवतो. डिसेंबरच्या अखेरीस तितकाच उजवीकडे. दोहोंमध्ये पाच मुठींचे अंतर पडते.

यात बिघडते काय? चौकोनी शेत अगदी पूर्व-पश्चिम पडलेले असेल तर फारसे बिघडत नाही. पण शेते कुठे अशी सरळ असतात? पुष्कळ शेते तिरपी असतात. समजा, एका शेताचा एक बांध ईशान्येकडे आहे. ईशान्य म्हणजे उत्तर आणि पूर्व यांच्या बरोबर मधली दिशा. आता डिसेंबरात एक माणूस तिथे उभा राहिला. सूर्य उगवतो ती पूर्व, असे त्याने धरले. सूर्य त्या वेळी उजवीकडे सरकलेला. म्हणून त्याच्या हिशेबाने सगळ्याच दिशा उजवीकडे सरकल्या. तो ईशान्येच्या बांधाला म्हणेल, "हा उत्तरेचा बांध." जूनमध्ये दुसरा माणूस तिथेच उभा राहिला. त्यानेही सूर्य पाहिला. तो त्याच बांधाला म्हणेल, "हा पूर्वेचा बांध."

बांध एकच. दोघेही खरे बोलणारे. कोणी कोणाला फसविले नाही. पण कागद थंडीत लिहिला आणि पावसाळ्याच्या तोंडी वाचला, की भांडणाला जागा झाली. भाऊ भावाशी बोलेनासा होतो. गोष्ट कचेरीपर्यंत जाते. म्हणून दिशा पाहायची ती नीट पाहावी.

मग ध्रुव तारा आहे ना? आहे. तो उत्तर दिशा चांगली दाखवितो. पुण्याकडे तो क्षितिजापासून सुमारे दोन मुठी वर असतो. सप्तर्षी दिसत असले तर त्यांतले पुढचे दोन तारे जोडून रेघ वाढविली, की ती ध्रुवाजवळ जाते. पण ध्रुव दिसतो रात्री आणि शेताचे व्यवहार होतात दिवसा. पावसाळ्यात तर ढगांमुळे रात्रीच्या रात्री तारा दिसत नाही. अशा वेळी सुई कामाला येते. तिला ढगांचे भय नाही आणि दिवस-रात्रीचेही नाही.

सामान काय लागते?

१. शिवणाची एक सुई. ती पोलादाची असावी. गंजलेली नको.

२. एक चुंबक. चुंबक म्हणजे लोखंड ओढणारा दगड किंवा धातू. बिघडलेल्या रेडिओच्या कर्ण्यात तो असतो. कपाटाचे दार घट्ट बसावे म्हणून लावलेल्या पट्टीतही असतो. शाळेत तर तो हमखास मिळेल.

३. पाण्यावर तरंगेल असा हलका तुकडा. बाटलीचे बूच चालेल. ज्याची बाशिंगे करतात ते भेंड चालेल. थर्माकोल चालेल. काहीच नसेल तर पिंपळाचे वाळलेले पान घ्या.

४. पाण्याचे पसरट भांडे. पितळेची वाटी, चिनी मातीची बशी, मातीची परळ, प्लॅस्टिकचे भांडे, यांतले काहीही घ्या. लोखंडाचे भांडे मात्र मुळीच घेऊ नका. स्टीलचेही नको. काही स्टीलला चुंबक चिकटतो, काहीला चिकटत नाही. नसती शंका कशाला ठेवावी?

सुई आणि चुंबक लहान मुलांच्या हाती देऊ नका. चुंबकाचे लहान तुकडे मुलाने गिळले तर जिवावर बेतते.

कसे करावे?

पहिली गोष्ट, सुईला चुंबक करणे. सुई पाटावर आडवी ठेवा. नेढ्याकडचा भाग बोटाने दाबून धरा. आता चुंबकाची एकच बाजू सुईवर टेकवा. नेढ्यापासून टोकापर्यंत हळूच ओढत न्या. टोकाशी आल्यावर चुंबक उचला. हात उंच करून पुन्हा नेढ्याकडे आणा. पुन्हा टेकवा, पुन्हा ओढा. असे पन्नास वेळा करा.

इथेच पुष्कळांचे चुकते. चाकूला धार लावावी तसे ते चुंबक पुढे-मागे घासतात. तसे करू नये. एका दिशेने दिलेला गुण उलट घासल्याने निघून जातो. जाताना घासायचे, येताना उचलायचे. बाजूही मध्येच बदलायची नाही.

झाले? आता दुसरी सुई किंवा टाचणी जवळ आणा. आपल्या सुईने ती उचलली, तर सुई चुंबक झाली असे समजा. उचलली नाही, तर आणखी पन्नास वेळा घासा.

दुसरी गोष्ट, सुई तरंगत ठेवणे. चुंबक आता दूर नेऊन ठेवा. खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेलात तर उत्तम. भांड्यात पाणी काठोकाठ भरा. बुचाची पातळ चकती कापा. तिच्या मधोमध सुई आडवी ठेवा किंवा टोचून आरपार काढा. दोन्ही बाजूंना सुई सारखी बाहेर आली पाहिजे. मग चकती हळूच पाण्यावर सोडा. वारा येत असेल तर दार लावून घ्या.

पाणी काठोकाठ का भरायचे? भांडे थोडे रिकामे राहिले, तर चकती सरकत सरकत काठाला जाऊन चिकटते. मग सुई फिरत नाही. पाणी काठाच्या किंचित वर फुगलेले असले, म्हणजे चकती मध्येच राहते.

आता पाहा. सुई हलेल, डुलेल, हळूहळू वळेल. थोड्या वेळाने ती स्थिर होईल. तिचे एक टोक उत्तरेकडे असेल आणि दुसरे दक्षिणेकडे.

तिसरी गोष्ट, परीक्षा घेणे. कोणतीही गोष्ट परीक्षेशिवाय मानू नये. काडीने सुई दुसरीकडे वळवा आणि सोडा. ती पुन्हा पहिल्याच जागी येते का? मग भांडे सावकाश फिरवा. भांडे फिरले तरी सुई आपली दिशा सोडीत नाही ना? दोन्ही गोष्टी झाल्या, तर तुमचे होकायंत्र खरे.

चौथी गोष्ट, उत्तरेची खूण करणे. सुईच्या दोन टोकांपैकी उत्तरेचे कोणते? ते चुंबकाची कोणती बाजू तुम्ही घासली यावर ठरते. म्हणून अंदाज करू नका. सकाळी उगवत्या सूर्याकडे तोंड करून बसा. भांडे समोर ठेवा. सुईचे जे टोक तुमच्या डाव्या हाताकडे वळते, ते उत्तरेचे. उगवता सूर्य अडीच मुठी चुकला तरी उत्तर-दक्षिणेची अदलाबदल होत नाही. त्या टोकापाशी चकतीवर तांबडा ठिपका द्या. यापुढे सूर्य असो वा नसो, तांबडा ठिपका म्हणजे उत्तर.

सुईला उत्तर कोण सांगते?

पोलादाच्या आत फार सूक्ष्म असे चुंबकच असतात. पण ते वेडेवाकडे पडलेले असतात. आठवड्याच्या बाजारात माणसांची तोंडे कशी चारी दिशांना असतात, तसे. एकाचे बळ दुसऱ्याच्या बळाने मारले जाते. आपण एका दिशेने चुंबक ओढतो, तेव्हा त्यांतले पुष्कळसे एका दिशेला तोंड करतात. बाजारातली माणसे दिंडीत चालू लागली म्हणा ना! मग सगळ्यांचे बळ एकवटते. साध्या मऊ लोखंडात ही शिस्त फार टिकत नाही. पोलादात टिकते. म्हणून सुई पोलादाची घ्यायची. सुई तापवून लालबुंद केली किंवा तिच्यावर हातोडी मारली, की दिंडी मोडते.

हे झाले सुईचे. पण ती उत्तरेकडेच का वळते? कारण आपली पृथ्वी हाही एक मोठा चुंबक आहे. पायाखाली सुमारे २,९०० किलोमीटर खोल गेले, की वितळलेल्या लोखंडाचा थर लागतो. ते लोखंड सारखे ढवळत असते. त्यातून पृथ्वीला चुंबकाचा गुण येतो. त्या मोठ्या चुंबकाच्या ओढीने आपली लहानशी सुई उत्तर-दक्षिण होते.

माणसाला सुई आधी कळली, कारण पुष्कळ मागाहून कळले. चीन देशात शेन कुओ नावाचा विद्वान होऊन गेला. त्याने १०८८ च्या सुमारास आपल्या ग्रंथात चुंबक केलेल्या सुईची हकीकत लिहून ठेवली. सुई पाण्यावर तरंगत ठेवण्याची रीतही त्याला ठाऊक होती. म्हणजे आज तुम्ही जे वाटीत केले, ते सुमारे साडेनऊशे वर्षांपूर्वीचे ज्ञान आहे. पुढे होकायंत्रे गलबतांवर गेली. भर समुद्रात खूण धरायला ना डोंगर ना झाड. तिथे नावाड्यांनी सुईवर भरवसा ठेवला. पण ती का वळते, हे नीट कळायला १६०० साल उजाडावे लागले. त्या साली इंग्लंडातल्या विल्यम गिल्बर्ट नावाच्या वैद्याने ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने चुंबकाच्या दगडाचा एक गोळा घेतला आणि त्यावर लहान सुई ठिकठिकाणी ठेवून पाहिली. पृथ्वीवर सुई जशी वागते, तशीच ती त्या गोळ्यावर वागली. त्यावरून पृथ्वी स्वतःच चुंबक आहे, असे त्याने सांगितले.

एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो. सुईची उत्तर आणि ध्रुव ताऱ्याची उत्तर अगदी तंतोतंत एक नसते. काही देशांत हा फरक बराच मोठा असतो. आपल्या महाराष्ट्रात तो फार थोडा, एक अंशाच्या आसपासच असतो. वाटीतल्या सुईला तो डोळ्यांनी दिसणारही नाही.

सुई केव्हा फसविते?

सुई खोटे बोलत नाही. पण तिच्याजवळ लोखंड असले, तर ती पृथ्वीचे ऐकण्याऐवजी लोखंडाचे ऐकते. विळी वाटीजवळ नेऊन पाहा. सुई लगेच तिकडे वळेल.

म्हणून दिशा पाहताना कोयता, कुदळ, फावडे, नांगराचा फाळ दूर ठेवा. सायकल, मोटारसायकल, ट्रॅक्टर त्याहून दूर असू द्या. पत्र्याच्या घरात, लोखंडी खांबाजवळ किंवा सळयांच्या स्लॅबखाली सुई पाहू नका. विजेच्या तारांखाली नको आणि चालत्या मोटारपंपाजवळही नको. मोकळ्या रानात भांडे जमिनीवर ठेवावे आणि सुई पाहावी. काळ्या दगडातही थोडाफार लोखंडाचा अंश असतो. म्हणून एकाच जागी पाहून थांबू नये. दहा-वीस पावले सरकून दुसऱ्या जागी पुन्हा पाहावे. दोन्हीकडे सुईचे म्हणणे एकच असले, तर ते मानावे.

मोबाइल फोनमध्येही दिशा दाखविण्याची सोय असते. तीही पृथ्वीच्या चुंबकावरच चालते आणि लोखंडाजवळ तीही चुकते. फोन आणि वाटी यांचे म्हणणे जुळवून पाहायला हरकत नाही. पण फोन वाटीला खेटून ठेवू नका. फोनच्या कर्ण्यातही चुंबक असतो.

लोखंड आणि वीज यांचा असा उपद्रव मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही होतो. मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकाची मोजणी चालत असे. पुढे मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार, असे ठरले. विजेने मोजणीत गोंधळ होणार, हे शास्त्रज्ञांनी ओळखले. म्हणून १९०४ साली हे काम अलिबागला नेण्यात आले. तिथल्या मोजणीच्या इमारती मुद्दाम लोखंड टाळून बांधल्या. ट्रामगाड्या मुंबईत १९०७ साली धावू लागल्या, पण तोवर सुई सुरक्षित जागी पोचली होती. अलिबागला ही मोजणी आजही चालू आहे. एवढ्या मोठ्या वेधशाळेने लोखंड टाळले. मग आपण निदान विळी तरी बाजूला ठेवू या!

शेतात उपयोग कसा करावा?

शेताच्या मधोमध सपाट जागा पाहा. भांडे ठेवा. सुई स्थिर झाली, की तिच्या रोखाने काठीने जमिनीवर लांब रेघ ओढा. ही उत्तर-दक्षिण रेघ. आता एक कागद घ्या. त्याची एक घडी घाला. मग घडीची कड कडेवर बसवून दुसरी घडी घाला. जो कोपरा तयार होतो तो बरोबर काटकोन असतो, म्हणजे ९० अंश. तो कोपरा रेघेवर ठेवून आडवी रेघ ओढा. ही पूर्व-पश्चिम रेघ.

आता उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. समोर उत्तर, उजव्या हाताला पूर्व, पाठीमागे दक्षिण, डाव्या हाताला पश्चिम. मधल्या चार दिशा अशा: उत्तर आणि पूर्व यांच्यामध्ये ईशान्य. पूर्व आणि दक्षिण यांच्यामध्ये आग्नेय. दक्षिण आणि पश्चिम यांच्यामध्ये नैर्ऋत्य. पश्चिम आणि उत्तर यांच्यामध्ये वायव्य.

मग खरेदीचा कागद काढा. चतुःसीमा मोठ्याने वाचा. एकेक बाजू पाहून घ्या. गावचा नकाशा जवळ असेल तर तोही पसरा. नकाशाची वरची बाजू बहुधा उत्तरेची असते. नकाशावर उत्तरेचा बाण काढलेला असतो, तो पाहून खात्री करा. तो बाण जमिनीवरच्या उत्तरेच्या रेघेशी जुळवा, की कागदावरचा ओढा आणि शिवारातला ओढा एकाच बाजूला येतील.

काही जुळत नसेल, तर सही करण्याआधी विचारा. "हा बांध तिरपा आहे, तो कागदात ईशान्येस असा लिहा," असे सांगायला लाजू नका. सहीनंतर तोच कागद दुरुस्त करून घ्यायला पुन्हा कचेरीचे हेलपाटे पडतात.

पण एवढे ध्यानात ठेवा. वाटीतली सुई बाजू दाखविते, हद्द ठरवीत नाही. बांध एक हात इकडे की तिकडे, हे तिला कळत नाही. ते काम भूमी अभिलेख खात्याच्या सरकारी मोजणीचे आहे. सुई दाखवून शेजाऱ्याचा बांध कोरू नये. तसेच सुई जमिनीतले पाणी दाखवीत नाही, गुप्तधन दाखवीत नाही, घराचे शुभ-अशुभ सांगत नाही. असे कोणी सांगून पैसे मागू लागला, तर त्याच्यापुढे विळी धरा आणि सुई कशी वळते ते त्यालाच दाखवा.

करून पाहा आणि उत्तरे लिहा

१. तुमच्या घराचे दार कोणत्या दिशेला आहे? आधी अंदाज लिहा, मग सुईने पाहा.

२. आज सूर्य बरोबर पूर्वेला उगवला, की डावीकडे, की उजवीकडे? तारीख घालून लिहा. तीन महिन्यांनी पुन्हा पाहा.

३. चुंबक पुढे-मागे का घासू नये?

४. वाटीत पाणी काठोकाठ का भरावे?

५. तुमच्या शेताची किंवा घराची चतुःसीमा स्वतःच्या हाताने लिहा. शेत नसेल, घर भाड्याचे असेल, तरी चारी बाजूंना काय आहे ते लिहा. मग वाटी घेऊन बाहेर जा आणि तुम्ही लिहिलेले खरे आहे का, ते पाहा.